रजोनिवृत्तीतील हार्मोन उपचार : कोणाला, केव्हा, किती काळ

रजोनिवृत्तीच्या त्रासावर आजवर सापडलेले सर्वांत परिणामकारक औषध म्हणजे इस्ट्रोजेन. अंगातून उसळणाऱ्या गरम वाफा, रात्री घामाने भिजून येणारी जाग, योनिमार्गातील कोरडेपणा आणि हाडांची झीज या चारही तक्रारींवर त्याचा उपयोग वादातीत आहे. तरीही या उपचाराचे नाव निघाले की कर्करोगाची भीती आधी पुढे येते. आणि ती फक्त रुग्णांच्या मनात असते असे नाही, कित्येक डॉक्टरांच्याही मनात असते. ही भीती निराधार म्हणता येणार नाही. चूक झाली ती वेगळ्याच ठिकाणी : एका विशिष्ट वयोगटात, विशिष्ट गोळीने दिसलेला धोका सगळ्या वयांना आणि सगळ्या औषधांना सरसकट लावला गेला. प्रत्यक्षात स्त्रीचे वय, पाळी जाऊन लोटलेली वर्षे, औषधाचा प्रकार, ते गोळीने दिले की त्वचेतून, गर्भाशय आहे की काढलेले, एवढ्या गोष्टी पाहिल्याशिवाय धोक्याचा अंदाज करता येत नाही.

सलग बारा महिने पाळी आली नाही, की रजोनिवृत्ती झाली असे धरतात. भारतात हे सरासरी ४६-४७व्या वर्षी घडते. अमेरिका-युरोपात ५१च्या सुमारास. त्याआधीची काही वर्षे पाळी अनियमित होते, इस्ट्रोजेनची पातळी कधी एकदम चढते, कधी घसरते, आणि त्रास बहुधा याच काळात सुरू होतो. मेंदूतील शरीराचे तापमान सांभाळणारे केंद्र इस्ट्रोजेन कमी झाल्यावर अतिसंवेदनशील बनते. तापमानात किरकोळ फरक पडला तरी ते अंग थंड करण्याची यंत्रणा पूर्ण जोरात चालू करते : त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, चेहरा-मान तापते, घाम फुटतो. ‘चार-सहा महिने सोसायचे, मग जाते’ हा घरातील वडीलधाऱ्यांचा सल्ला मात्र मोजणीत टिकत नाही. अमेरिकेतील एका दीर्घकालीन पाहणीत, वारंवार वाफा येणाऱ्या स्त्रियांपैकी निम्म्याजणींना हा त्रास सात वर्षांहून अधिक काळ झाला.

वय ४५च्या पुढे असेल आणि लक्षणे नेहमीची असतील, तर निदानासाठी हार्मोनची रक्ततपासणी लागत नाही. एफएसएच या हार्मोनची पातळी या काळात दर आठवड्याला बदलू शकते. एका आकड्यावरून काही ठरवणे फसवे. त्यापेक्षा थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासणे उपयोगी, कारण धडधड, थकवा, घाम ही लक्षणे तिथूनही येतात. चाळिशीच्या आत पाळी थांबली असेल तर मात्र तपासण्या आवश्यकच असतात.

भीती कुठून आली

गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढलेल्या इस्ट्रोजेनच्या गोळीला अमेरिकेत १९४२मध्ये मान्यता मिळाली. १९६६मध्ये रॉबर्ट विल्सन या स्त्रीरोगतज्ज्ञाच्या पुस्तकाने तिला चिरतारुण्याचे औषध ठरवले आणि खप प्रचंड वाढला. १९७५मध्ये पहिला धक्का बसला : नुसते इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग कित्येक पटींनी जास्त आढळला. कारण सरळ होते. इस्ट्रोजेन अस्तर वाढवते आणि ती वाढ रोखणारे प्रोजेस्टेरॉन सोबत नव्हते. तेव्हापासून गर्भाशय असलेल्या स्त्रीला इस्ट्रोजेनच्या जोडीने प्रोजेस्टोजेन (प्रोजेस्टेरॉन किंवा त्यासारखे औषध) देण्याचा नियम झाला आणि शरीरभर पोहोचणाऱ्या इस्ट्रोजेनसाठी तो आजही अपवाद न करता पाळायचा असतो.

दुसरा धक्का जुलै २००२मधला. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अमेरिकी अभ्यासात गर्भाशय असलेल्या १६,६०८ स्त्रियांपैकी काहींना दोन्ही हार्मोनची एकत्र गोळी आणि काहींना औषध नसलेली गोळी दिली होती. सरासरी ५.२ वर्षांनंतर हा भाग मुदतीआधीच थांबवण्यात आला. वर्तमानपत्रांत मथळे आले ते टक्केवारीचे : स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढला. मूळ आकडे असे होते की, दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला ३०ऐवजी ३८ जणींना हा कर्करोग झाला, म्हणजे आठ जास्त. त्याच हिशेबाने हृदयविकाराचे सात, पक्षाघाताचे आठ आणि फुप्फुसात रक्ताची गाठ अडकण्याचे आठ प्रसंग जास्त घडले. दुसऱ्या बाजूला मोठ्या आतड्याचे कर्करोग सहाने आणि खुब्याचे अस्थिभंग पाचने कमी झाले. या दुसऱ्या बाजूची चर्चा फारशी झालीच नाही.

अभ्यासातील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. पाळी जाऊन दहा-बारा वर्षे झालेल्या, काहींच्या रक्तवाहिन्यांत आधीच चरबीचे थर साचलेल्या स्त्रियांवरचा हा निष्कर्ष होता. वाफांनी हैराण झालेल्या ४८ वर्षांच्या बाईला तो जसाच्या तसा लावता येत नाही. याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागात गर्भाशय काढलेल्या १०,७३९ स्त्रियांपैकी काहींना नुसते इस्ट्रोजेन आणि काहींना औषध नसलेली गोळी दिली होती. तो भाग २००४मध्ये थांबला. त्यात पक्षाघात वाढला, पण स्तनाचा कर्करोग वाढला नाही. पुढील अनेक वर्षांच्या पाठपुराव्यात तर तो कमीच आढळला. दोन्ही भागांतील स्त्रियांचा १८ वर्षांचा हिशेब २०१७मध्ये मांडला गेला, तेव्हा औषध घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या स्त्रियांच्या एकूण मृत्यूंच्या प्रमाणात फरक नव्हता.

नोव्हेंबर २०२५मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरील हृदयविकार, स्तनाचा कर्करोग आणि स्मृतिभ्रंश यांविषयीचा चौकटीतला इशारा काढण्याचे जाहीर केले. नुसत्या इस्ट्रोजेनच्या औषधांवरील अस्तराच्या कर्करोगाचा इशारा कायम आहे. या निर्णयाचा अर्थ औषध आता निर्धोक ठरले असा घेऊ नये. १९६६चा उत्साह आणि २००२ची धास्ती ही दोन्ही टोके पाहून झाली आहेत. तिसऱ्यांदा टोक गाठण्याचे कारण नाही.

फायदा कशात, धोका कशात

योग्य मात्रेत इस्ट्रोजेन सुरू केल्यावर वाफा आणि घाम साधारण तीन-चार आठवड्यांत कमी होऊ लागतात. प्रमाण सरासरी तीन-चतुर्थांशाने घटते. झोप सुधारते आणि झोपेअभावी येणारी चिडचिड, विसराळूपणाही ओसरतो. सांधेदुखीत काहींना आराम पडतो, काहींना नाही. उपचार चालू असेपर्यंत हाडांची झीज थांबते आणि मणका व खुब्याचे अस्थिभंग कमी होतात. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षे होण्याआधी उपचार सुरू केला, तर निरोगी स्त्रीच्या बाबतीत फायदा धोक्याहून जड ठरतो, यावर जगभरातील रजोनिवृत्तितज्ज्ञांच्या संस्थांचे आज एकमत आहे. त्यानंतर नव्याने सुरू करण्याला मात्र त्यांचा सरसकट पाठिंबा नाही.

निव्वळ हृदयविकार टाळण्यासाठी, स्मरणशक्ती टिकवण्यासाठी किंवा त्वचा तजेलदार ठेवण्यासाठी हा उपचार घेऊ नये. ६५ वर्षांपुढील स्त्रियांत दोन्ही हार्मोनच्या गोळीने स्मृतिभ्रंशाचे प्रमाण दुप्पट झालेले आढळले होते. त्रास नसेल तर औषधही नको.

स्तनाच्या कर्करोगाचा धोका मुख्यतः प्रोजेस्टोजेनच्या जोडीमुळे वाढतो आणि जितकी वर्षे घ्यावे तितका तो वाढत जातो. २०१९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या जागतिक विश्लेषणाने पाश्चात्त्य देशांतील स्त्रियांसाठी असा अंदाज दिला : पन्नाशीला सुरू करून पाच वर्षे दोन्ही हार्मोन रोज घेतल्यास पुढील वीस वर्षांत दर ५० स्त्रियांमागे एक जास्त कर्करोग, प्रोजेस्टोजेन महिन्यातून ठरावीक दिवसच घेतल्यास दर ७० मागे एक, नुसत्या इस्ट्रोजेनने दर २०० मागे एक. नुसत्या इस्ट्रोजेनबाबत हे विश्लेषण आणि गर्भाशय काढलेल्या स्त्रियांवरील आधीचा अमेरिकी प्रयोग एकमेकांशी जुळत नाहीत. दोन्हींतून निघणारा समान निष्कर्ष इतकाच, की तिथे धोका असलाच तर लहान आहे. भारतीय स्त्रियांत या कर्करोगाचे मूळ प्रमाण पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा बरेच कमी असल्याने इथली प्रत्यक्ष वाढ आणखी कमी असावी. मात्र आपल्याकडे तो उशिरा लक्षात येतो, ही त्यातली वाईट बाजू.

शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका गोळीने साधारण दुप्पट होतो. पोटातून शोषले गेलेले इस्ट्रोजेन आधी यकृतातून जाते आणि तिथे रक्त गोठवणाऱ्या घटकांची निर्मिती वाढते. त्वचेवर लावायच्या जेलमधून किंवा पट्टीतून ते थेट रक्तात उतरते, आणि नेहमीच्या मात्रेत असा धोका वाढल्याचे निरीक्षणांत दिसलेले नाही. पित्ताशयातील खडे आणि ट्रायग्लिसराइड वाढणे हेही गोळीचेच दुष्परिणाम. म्हणूनच वजन जास्त, मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा अर्धशिशी असलेल्या स्त्रीसाठी गोळीपेक्षा जेल बरे. चाळिशीनंतरच्या अनेक शहरी भारतीय स्त्रियांत या यादीतले काही ना काही असते, हे लक्षात घेता आपल्याकडे जेलचा विचार आधी व्हायला हवा.

औषधाची निवड

गर्भाशय असलेल्या स्त्रीसाठी प्रोजेस्टोजेन दोन पद्धतींनी देतात. पाळी अजून अधूनमधून येत असेल, तर महिन्यातून बारा ते चौदा दिवस. त्यानंतर पाळीसारखा रक्तस्राव होतो आणि तो अपेक्षित असतो. शेवटच्या पाळीला वर्ष उलटले असेल तर रोज, कमी मात्रेत. या पद्धतीत पहिले तीन ते सहा महिने थोडे डाग पडू शकतात, पुढे ते थांबायला हवेत. प्रकारांमध्ये मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन आणि डायड्रोजेस्टेरॉन हे जुन्या संश्लेषित प्रकारांपेक्षा स्तनांच्या दृष्टीने अधिक सुरक्षित असल्याचे फ्रान्समधील मोठ्या पाहणीत दिसले. प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल रात्री झोपताना घ्यावी. तिने गुंगी येते आणि झोप न लागणाऱ्यांना तेच हवे असते. गर्भाशयात हार्मोनयुक्त कॉपर-टीसारखे साधन बसवलेले असेल तर वेगळे प्रोजेस्टेरॉन लागतेच असे नाही. पण साधनाची मुदत संपलेली नाही ना, हे पाहावे.

जेल दंडाला किंवा मांडीला लावायचे, स्तनांना कधीच नाही. ते वाळेपर्यंत त्यावर कपडा येऊ देऊ नये, नंतर हात साबणाने धुवावेत आणि तो भाग लहान मुलांच्या अंगाला लागणार नाही याची काळजी घ्यावी.

तक्रार फक्त योनिमार्गाच्या कोरडेपणाची, संबंधाच्या वेळी होणाऱ्या वेदनेची किंवा वरचेवर होणाऱ्या मूत्रसंसर्गाची असेल, तर आत लावायचे कमी मात्रेचे इस्ट्रोजेन क्रीम पुरेसे असते. रक्तात ते जवळजवळ उतरत नाही, सोबत प्रोजेस्टेरॉन लागत नाही, आणि वर सांगितलेले धोके त्याला लागू होत नाहीत. वाफा काही वर्षांनी आपोआप ओसरतात; हा त्रास मात्र उपचाराविना वाढतच जातो. सांगण्याच्या संकोचामुळे साध्या क्रीमने बरी होणारी तक्रार वर्षानुवर्षे दडपली जाते, त्यामुळे डॉक्टरांनीच आपणहून विचारणे योग्य.

हा उपचार म्हणजे गर्भनिरोधक नव्हे. पन्नाशीनंतर पाळी गेल्यास एक वर्ष आणि पन्नाशीआधी गेल्यास दोन वर्षे गर्भनिरोधाची काळजी घ्यावी लागते. तसेच सणवार, पूजा किंवा लग्नकार्यासाठी पाळी पुढे ढकलायला दुकानातून आणल्या जाणाऱ्या गोळ्याही वेगळ्या. त्या या उपचारासोबत, किंवा रक्ताच्या गाठीचा पूर्वइतिहास असताना, मनाने घेणे धोक्याचे आहे.

कोणी घेऊ नये

स्तनाचा कर्करोग झालेला असणे, कारण न कळलेला योनिमार्गातील रक्तस्राव, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेलेला असणे, पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ, यकृताचा सक्रिय आजार : या स्थितींत शरीरभर पोहोचणारा हार्मोन उपचार देत नाहीत. रक्तदाब अनियंत्रित असेल तर आधी तो आटोक्यात आणावा. आई किंवा बहिणीला स्तनाचा कर्करोग झालेला असणे ही आपोआप मनाई ठरत नाही. धोका तपासून निर्णय घेता येतो. गर्भाशयातील गाठी आणि एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखे अस्तर बाहेर वाढणे) यांची पुन्हा वाढ होऊ शकते, म्हणून तिथे लक्ष ठेवावे लागते.

पहिल्या भेटीत आधीच्या आजारांबरोबर चालू औषधांची यादी न्यावी. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन आणि फिट्सवरील काही औषधे हार्मोनच्या गोळीचा परिणाम कमी करतात. ‘धूम्रपान करता का’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर देणाऱ्या अनेक स्त्रिया मिसरी लावतात किंवा तंबाखू खातात. रक्तदाब आणि हृदयाच्या हिशेबात तेही धरायचे असते, म्हणून विचारले नाही तरी सांगावे.

अंडाशय लवकर काढले गेले असतील तर

या विषयात सर्वांत दुर्लक्षित गट आहे तो तरुण वयात पिशवी काढलेल्या स्त्रियांचा. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचा प्रश्न २०१९मध्ये चव्हाट्यावर आला, तेव्हा पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यातील बऱ्याच जणी चाळिशीच्याही आतल्या होत्या. नुसते गर्भाशय काढले आणि अंडाशय ठेवले, तर पाळी थांबते पण हार्मोन चालू राहतात. ते नेहमीपेक्षा थोडे लवकर मंदावतात इतकेच. दोन्ही अंडाशयही काढले असतील तर इस्ट्रोजेन एका दिवसात नाहीसे होते. मग तिशी-पस्तिशीतच वाफा सुरू होतात, हाडे झिजू लागतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. शस्त्रक्रियेनंतर ‘अंगात आग होते, कंबर धरते’ असे म्हणणाऱ्या बाईला बहुधा कॅल्शियम आणि वेदनाशामक गोळ्या देऊन परत पाठवले जाते.

अशा स्त्रीला हार्मोन देणे म्हणजे शरीराकडून जे त्या वयात मिळायलाच हवे होते ते भरून काढणे. ६३ वर्षांच्या स्त्रियांवरील २००२च्या आकड्यांचा तिच्याशी संबंध नाही. मनाई करणारा आजार नसेल तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत, म्हणजे पन्नाशीच्या आसपासपर्यंत, तिने उपचार घ्यावा असाच सल्ला दिला जातो. गर्भाशय नसल्याने तिला बहुतेक वेळा नुसते इस्ट्रोजेन पुरते, आणि स्तनांच्या दृष्टीने तोच कमी धोक्याचा पर्याय आहे. चाळिशीच्या आत आपोआप पाळी गेलेल्या स्त्रीलाही हेच लागू. फक्त तिला प्रोजेस्टेरॉनची जोड लागते. शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येकीने डिस्चार्ज कार्ड आणि काढलेल्या अवयवाचा पॅथॉलॉजी अहवाल जपून ठेवावा. अंडाशय काढले की ठेवले, हे त्यावरूनच कळते.

हार्मोन नको असतील तर

ज्यांना हार्मोन चालत नाहीत त्यांच्यासाठी व्हेन्लाफॅक्सिन, पॅरॉक्सेटिन अशी मूळची नैराश्यावरील औषधे कमी मात्रेत वाफांवर उपयोगी पडतात. गॅबापेंटिन रात्रीच्या घामावर. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर पॅरॉक्सेटिन टाळावे, कारण त्याने टॅमॉक्सिफेनचा परिणाम घटतो. संज्ञानात्मक वर्तनोपचाराने वाफा थांबत नाहीत, पण त्यांचा जाच कमी होतो आणि झोप सुधारते. सोयाबीनच्या अर्काच्या गोळ्यांचा उपयोग चाचण्यांत कधी दिसतो, कधी दिसत नाही. शतावरीबाबत भक्कम पुरावा नाही. त्वचेखाली बसवायच्या, ‘नैसर्गिक हार्मोन’ म्हणून महाग विकल्या जाणाऱ्या गुटिकांपासून दूर राहावे. त्यांतून किती हार्मोन रक्तात येईल यावर नियंत्रण राहत नाही.

देखरेख आणि थांबवणे

सुरुवातीला रक्तदाब, वजन, स्तनांची तपासणी आणि वयानुसार मॅमोग्राफी करावी. पहिली फेरतपासणी तीन महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा. दर वर्षी दोन प्रश्न नव्याने विचारायचे : ज्या त्रासासाठी औषध सुरू केले तो अजून आहे का आणि दरम्यान एखादा नवा आजार झाला का. एकाच पायाला सूज व दुखणे, अचानक धाप किंवा छातीत कळ, बोलताना जीभ अडखळणे, स्तनात गाठ यांपैकी काही झाले तर फेरतपासणीची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे. उपचाराच्या पहिल्या सहा महिन्यांतील थोडे डाग वगळता, पाळी जाऊन वर्ष झाल्यावर आलेला रक्तस्राव म्हणजे ‘पाळी परत आली’ असे समजू नये. औषध चालू असो वा नसो, सोनोग्राफीने अस्तराची जाडी पाहावी आणि गरज पडल्यास त्याचा नमुना तपासावा.

पाच वर्षे झाली की बंद, असा सरसकट नियम आता राहिलेला नाही. अनेक जणींना तीन ते पाच वर्षे पुरतात. काहींना त्याहून जास्त लागतात आणि वाढत्या धोक्याची कल्पना घेऊन त्या कमीत कमी मात्रेवर पुढे चालू ठेवू शकतात. बंद करताना मात्रा हळूहळू कमी केली काय किंवा एकदम थांबवली काय, पुढील काही महिन्यांत दोहोंचा निकाल सारखाच येतो. मात्र हळूहळू कमी केल्यास सुरुवातीचे आठवडे सुसह्य जातात. जवळपास निम्म्याजणींना वाफा काही काळ परत येतात. आत लावायचे क्रीम थांबवण्याची गरज नसते. हाडांना मिळालेले संरक्षण मात्र औषध सोडल्यावर एक-दोन वर्षांत ओसरू लागते. त्यामुळे अंडाशय लवकर गेलेल्या, आधी अस्थिभंग झालेल्या किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेल्या स्त्रीने उपचार बंद करण्यापूर्वी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्यावी आणि घनता कमी आढळल्यास हाडांसाठीचे दुसरे औषध लगेच सुरू करावे.